पाटी बदलली, वस्ती कोठे आहे?

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २ डिसेंबर २०२० रोजी राज्यातील वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला व त्याच महिन्यात त्याचा शासननिर्णयही निघाला. महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली ही नावे पुरोगामी म्हणविणाऱ्या राज्याला शोभत नाहीत, तेव्हा त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत, असा त्याचा आशय होता. त्यानंतर ग्रामपंचायतींनी ठराव केले, कमानी उभारल्या, पाट्या रंगविल्या. आमच्या जिल्ह्यातही हे काम झाले आणि ज्या गावी ते राहिले असेल तेथे आज ना उद्या ते होईलच.

ह्या निर्णयाविषयी आपल्या कार्यकर्त्यांत दोन मते ऐकू येतात. काहींना तो सामाजिक समतेच्या दिशेने टाकलेले मोठे पाऊल वाटतो. दुसरे म्हणतात की हा सारा शब्दांचा खेळ आहे. आर्थिक पाया बदलल्यावाचून नावे बदलून काय होणार? हयातभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाने ह्या दुसऱ्या पक्षात जावे, अशी वाचकांची अपेक्षा असेल. परंतु मला दोन्ही मते अपुरी वाटतात, आणि दुसरे मत तर आपल्या चळवळीला अधिक महागात पडलेले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शासनाची ती यादी नीट वाचावी. तीत महारवाडा आणि बौद्धवाडा शेजारी शेजारी बसविलेले आहेत. महारवाडा हे नाव गावाने दिले. बौद्धवाडा हे नाव वस्तीने स्वतः घेतले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर, गावकऱ्यांच्या नाकावर टिच्चून घेतले. एक नाव लादलेले आणि दुसरे कमावलेले, हा भेद मंत्रालयातील टिपणी लिहिणाऱ्याच्या लक्षात आला नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही नावांवरून रहिवासी कोण ते कळते, म्हणून दोन्ही सारखीच अडचणीची. येथेच मूळ प्रश्न उभा राहतो. नाव बदलावयाचे ते कोणाची लाज झाकण्यासाठी? त्या नावाने हाक मारली जाणाऱ्याची, की हाक मारणाऱ्याची?

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेतील गुलामांच्या वंशजांना गेल्या दीडशे वर्षांत सभ्य इंग्रजीने किती नावांनी संबोधिले, ते पाहण्यासारखे आहे. आधी 'कलर्ड' म्हणजे रंगीत हा सभ्य शब्द होता. १९०९ साली स्थापन झालेल्या त्यांच्या सर्वांत जुन्या नागरी हक्क संघटनेच्या नावात तो आजही आहे. पुढे तो कमीपणाचा ठरला आणि 'नीग्रो' हा प्रतिष्ठित झाला. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस ह्यांच्यासारख्या विद्वानांनी ह्या शब्दाचे आद्याक्षर मोठ्या लिपीत छापले जावे म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि १९३० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते मान्य केले. साठीच्या दशकात तरुणांनी तोही शब्द फेकून दिला आणि जो शब्द एके काळी शिवी मानला जाई तो 'ब्लॅक' हाच छातीवर मिरविला. १९८८ च्या अखेरीस जेसी जॅक्सन ह्यांनी 'आफ्रिकन अमेरिकन' ह्या नावाचा आग्रह धरला. आता 'पीपल ऑफ कलर' असा शब्दप्रयोग रूढ आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी सोडलेला रंग थोडा वळसा घालून परत आला. ब्रिटनमध्ये कृष्णवर्णीय, आशियाई आणि इतर अल्पसंख्य ह्यांची आद्याक्षरे जोडून 'बेम' असे एक विचित्र नाव सरकारी कागदांत चालविले गेले. ज्यांना ते चिकटविले होते त्यांपैकी फारच थोड्यांनी ते स्वतःसाठी वापरले असेल. पुढे सरकारनेच त्याचा वापर थांबविला.

ह्या शब्दांच्या बदलाबरोबर संपत्तीची वाटणी किती बदलली? अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीनुसार गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर होती, तर काळ्या कुटुंबाची सुमारे ४५ हजार. म्हणजे सहापटींहून अधिक अंतर. २०१६ मध्ये त्या देशाच्या काही संघीय कायद्यांतून 'नीग्रो' आणि 'ओरिएंटल' हे शब्द विधिपूर्वक काढून टाकले गेले. ते योग्यच झाले. परंतु शब्द काढण्यासाठी दोन्ही पक्षांचे एकमत होऊ शकले, संपत्तीच्या पुनर्वाटपासाठी मात्र ते कधी होत नाही, हे त्या देशाचे राजकारण पाहणारा कोणीही सांगेल.

१९२८ साली एका शाळकरी मुलाने ड्यू बॉईस ह्यांना पत्र लिहून 'नीग्रो' शब्दाविषयी तक्रार केली होती. नाव म्हणजे वस्तू नव्हे, नाव बदलल्याने आपल्याविषयीचा तिरस्कार नाहीसा होणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा मथितार्थ होता. हे सांगणारे ड्यू बॉईस आणि एका अक्षरासाठी वर्षानुवर्षे झगडणारे ड्यू बॉईस एकच आहेत. ह्यात विसंगती शोधणाऱ्यांना चळवळ कळलेली नाही. ह्याच ड्यू बॉईस ह्यांना १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांनी केलेल्या अर्जाची माहिती मागविली होती. त्याच्याही आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला होता. आणि आपल्या पक्षपरंपरेतील वाचकांना आठवत असेल की मे १९६४ मध्ये डॉ. राममनोहर लोहियांना मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरी, केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहात जाण्याचा प्रयत्न केला म्हणून पोलिसांनी धरले. नंतर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने दिलगिरी व्यक्त केली. पण ती भारतातील संसदसदस्याजवळ. त्याच दारातून रोज परत पाठविल्या जाणाऱ्या स्वदेशी नागरिकांजवळ नव्हे.

आता आपल्याकडे वळू. मराठीतील ह्या नावांचा इतिहास अमेरिकेहून कमी उद्बोधक नाही. १८५५ साली पुण्यातील फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे ह्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'ने छापला, आणि हे नियतकालिक १८४२ मध्ये आमच्या नगरमध्येच सुरू झाले होते. त्या मुलीने मांग आणि महार हीच नावे सरळ लिहिली. तिला दुसरा गोंडस शब्द शोधण्याची गरज भासली नाही, कारण ती स्वतःविषयी लिहीत होती आणि लाज वाटावयाची तर ती ज्यांच्याविषयी तक्रार होती त्यांना वाटावयास हवी होती.

गोंडस शब्दांची आवश्यकता नंतर, सुधारणा करू इच्छिणाऱ्या वरच्या जातींतील मंडळींना भासू लागली. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ह्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. अस्पृश्यतानिवारणासाठी त्यांनी जेवढे आयुष्य वेचले तेवढे फार थोड्यांनी वेचले असेल. परंतु १९०६ साली त्यांनी काढलेल्या संस्थेचे मराठी नाव होते 'निराश्रित साहाय्यकारी मंडळी'. निराश्रित! गावाची वेस राखणारा, सांगावा पोहोचविणारा, मेलेले जनावर ओढणारा, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावणारा, शेताच्या हद्दीच्या वादात साक्ष देणारा जो महार, त्याच्या आश्रयाने वस्तुतः सारा गाव उभा होता. बिनमोल वा अर्धमोल श्रमाचे हे मूल्य कोणी मोजलेले नाही. मोजले असते तर निराश्रित कोण, ह्याचा हिशेब उलटा निघाला असता. एका शब्दाने तो हिशेबच पुसला गेला आणि उत्पादक माणूस दयेचा विषय झाला.

'हरिजन' ह्या शब्दाची कथा सर्वपरिचित आहे, म्हणून तिचा एकच भाग सांगतो. गांधीजींनी तो शब्द एका अस्पृश्य बंधूच्या सूचनेवरून स्वीकारला आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये त्याच नावाचे साप्ताहिक काढले. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि जानेवारी १९३८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांविषयीच्या एका विधेयकातून हा शब्द कायद्यात घालण्याचा घाट घातला गेला. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने कडाडून विरोध केला. दादासाहेब गायकवाडांचे म्हणणे असे होते की ज्या लोकांचे हे नाव आहे त्यांनाच ते नको आहे. आम्ही हरीचे, तर बाकीचे कोणाचे, हा प्रश्नही तेव्हा विचारला गेला. बहुमताच्या बळावर सरकारने शब्द रेटला आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. ज्यांना हा प्रसंग क्षुल्लक वाटतो त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की हे नावासाठी झगडणारे लोक त्याच काळात खोती नष्ट करण्याचे आणि महार वतनाच्या गुलामीतून सुटण्याचे विधेयकही लढवीत होते. नावाचा लढा आणि जमिनीचा लढा त्यांच्या लेखी वेगळे नव्हते. पुढे 'हरिजन' शब्द जातीच्या दाखल्यांवर वापरू नये अशी सूचना केंद्र सरकारने १९८२ मध्ये काढली. १९३८ मध्ये ऐकले असते तर चव्वेचाळीस वर्षे वाचली असती.

नाव घेण्याची किंमत रुपयांतही मोजावी लागते, हे मी माझ्या डाव्या मित्रांना नेहमी सांगतो. १९५६ मध्ये ज्यांनी बौद्ध हे नाव घेतले ते त्या क्षणी केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतून बाहेर पडले, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ती यादी हिंदूंपुरती बांधलेली होती. १९५६ मध्येच शिखांना तीत सर्वसाधारणपणे सामावून घेतले गेले. बौद्धांना मात्र १९९० पर्यंत थांबावे लागले. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या, परंतु केंद्राच्या नोकऱ्या आणि शिष्यवृत्त्या ह्यांच्यासाठी चौतीस वर्षे दार बंद होते. भूमिहीन मजुराने, ज्याच्या घरात दुसऱ्या दिवशीची भाकरी निश्चित नाही, एका नावासाठी एवढी किंमत मोजली असेल, तर त्याला 'शब्दांचा खेळ' म्हणणारा अर्थशास्त्रज्ञ आपल्याच शास्त्राचा पहिला धडा विसरला आहे. माणूस ज्यासाठी किंमत मोजतो त्याला त्याच्या लेखी मूल्य असते.

आमच्या नगर जिल्ह्यात ह्याच प्रश्नाची दुसरी बाजू आजही उघडी आहे. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून येथे आहे आणि जिल्ह्यातील कित्येक गावांतील महार-मांग कुटुंबे पिढ्यान्पिढ्या ख्रिस्ती आहेत. त्यांची घरे मूळच्या वाड्यालगतच आहेत. त्यांच्याकडे पाहण्याची गावाची दृष्टी फार बदललेली नाही. परंतु कागदावर ते अनुसूचित जातींत नाहीत. केंद्राने ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. तोवर गावाच्या लेखी ते जुनेच आणि सरकारच्या लेखी नवे, अशी त्यांची दुहेरी कोंडी चालू आहे.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले, हे उघड होते. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने 'दलित' ह्या शब्दात अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया अशा सर्व शोषितांना घेतले. जातीचे नाव टाकून परिस्थितीचे नाव घ्यावयाचे, असा तो प्रयत्न होता. तो पूर्ण यशस्वी झाला असे म्हणता येत नाही. व्यवहारात दलित म्हणजे बौद्ध एवढाच अर्थ पुष्कळ ठिकाणी उरला. तरीही ह्या शब्दात दळणारे कोणी आहे, दळले जाणारे कोणी आहे, हे ऐकू येते. आणि म्हणूनच तो सत्तेला खुपतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढील एका याचिकेनंतर ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याने दूरचित्रवाणी वाहिन्यांना 'दलित' हा शब्द टाळून 'अनुसूचित जाती' असे म्हणण्याचा सल्ला दिला. त्यापूर्वीच महाराष्ट्रात 'दलित मित्र' पुरस्काराचे 'समाजभूषण' झाले होते आणि दलित वस्ती सुधारणेच्या योजनेचेही नाव बदलले होते. अनुसूचित म्हणजे यादीत असलेले. यादी कोणी केली, कशासाठी केली, काय भोगले म्हणून केली, ह्यांपैकी काहीही त्या शब्दातून कळत नाही. दाखल्यासाठी तो शब्द हवाच; कायद्याला नेमकी व्याख्या लागते. परंतु दाखल्याच्या भाषेत बातमी लिहा, असा आग्रह धरणे वेगळे.

डोंगराकडच्या लोकांचेही तेच. संविधानसभेत जयपालसिंग मुंडा 'आदिवासी' ह्या शब्दासाठी अडून बसले होते, कारण त्या शब्दात ह्या भूमीवरील पहिला हक्क सांगितलेला आहे. १९५२ पासून काम करणाऱ्या एका मोठ्या संघटनेला 'वनवासी' हा शब्द प्रिय आहे. वनात राहणारा, म्हणजे वन धरणाखाली गेले वा अभयारण्यात गेले की तो कोणीही नाही. आमच्या जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील महादेव कोळी आणि ठाकर कार्यकर्त्यांना हा फरक व्याख्यानावाचून कळतो.

एखादे नाव कितीही उंच असले तरी काम आणि मोबदला तोच राहिला तर ते खाली घसरत जाते, ह्याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण 'मेहतर' हे आहे. फारसीत ह्या शब्दाचा अर्थ थोर, वडील, सरदार असा आहे. हिंदुकुशातील चित्राल संस्थानाचा राजा 'मेहतर' म्हणविला जाई. आपल्याकडे तोच शब्द मैला वाहणाऱ्याला मिळाला, आणि काही काळात तो इतका हिणकस झाला की त्याच्या जागी 'वाल्मीकी' आणावा लागला. त्याआधी अकबराने म्हणे झाडूवाल्यांना 'हलालखोर', म्हणजे प्रामाणिक कष्टाचे खाणारा, असे नाव दिले होते. त्याची गत काय झाली ते शब्दकोशात पाहावे. आता महापालिका 'सफाई मित्र', 'स्वच्छता दूत' म्हणतात. दूत गटारात उतरतो तेव्हा त्याच्या अंगावर मुखवटा नसतो, प्राणवायूची नळी नसते आणि पुष्कळदा नियुक्तीचा कागदही नसतो. हाताने मैला उचलण्यावर १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायद्याने बंदी घातली गेली. माणसे गुदमरून मरण्याच्या बातम्या थांबल्या नाहीत.

२०१३ च्या पहिल्याच दिवशी आमच्या जिल्ह्यातील सोनई परिसरात ह्याच समाजातील तीन तरुण कामगारांना शौचालयाची टाकी साफ करण्याच्या निमित्ताने बोलावून ठार मारण्यात आले. कारण आंतरजातीय प्रेमाचे होते. नाशिकच्या सत्र न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. पुढल्याच वर्षी, २८ एप्रिल २०१४ रोजी, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे अकरावी-बारावीच्या वयाच्या एका दलित मुलाला अशाच संशयावरून शाळेतून नेऊन मारले आणि झाडाला टांगले. तो खटला साक्षीदार उलटल्यामुळे ढासळला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी ह्याच जामखेड तालुक्यात आहे. त्यांच्या नावाने जिल्ह्याचे नामांतर करण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला आणि त्याच वर्षी तो अमलात आला. अहिल्यादेवींच्या थोरवीविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण ज्या शासनाला एका जिल्ह्याच्या हजारो पाट्या बदलता येतात, त्याच शासनाला एका गावातील साक्षीदारांना न्यायालयात उभे राहण्याइतके निर्भय करता आले नाही, ही तुलना मनात आल्यावाचून राहत नाही.

वृत्तपत्रांची भाषाही पाहावी. गावात बौद्ध वस्तीवर हल्ला झाला की बातमी येते: 'दोन गटांत हाणामारी'. गट हा शब्द इतका निरागस आहे की त्यात एका बाजूला तीनशे माणसे आणि दुसऱ्या बाजूला दहा घरे होती, हे सारे विरघळून जाते. 'विशिष्ट समाज' हा दुसरा शब्द. तो बहुधा मुसलमानांसाठी राखून ठेवलेला. नाव घेतले नाही म्हणून संयम पाळल्याचे समाधान, आणि वाचकाला जे कळावयाचे ते कळलेलेच. मध्यमवर्गीय घरांतून जात हा शब्द असभ्य झाला आहे. आता विचारतात, 'तुम्ही कुठल्या समाजाचे?' महाविद्यालयात विचारतात, 'कॅटेगरी कोणती?' आणि ज्याला कॅटेगरी नाही तो 'ओपन'. शिकविण्याच्या काळात ह्या शब्दाचे मला फार आश्चर्य वाटे. जातिव्यवस्थेच्या वरच्या मजल्यावरील माणसाला जातच नाही. तो नुसता खुला, मोकळा, गुणवत्तेचा. जात काय ती खालच्यांना! अमेरिकेतही 'वांशिक' म्हणजे गोऱ्यांखेरीजचे सगळे. गोऱ्याला वंश नसतोच.

२०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकां'साठी दहा टक्के आरक्षण आले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ते वैध ठरविले. कोणत्याही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचारा की आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांत भूमिहीन मातंग मजूर येतो की नाही. तो हसून हो म्हणेल. प्रत्यक्षात तो येत नाही. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास वर्गांतील गरिबांना त्या तरतुदीतून वगळले आहे. म्हणजे ज्यांना जातीवर आधारलेले आरक्षण लागू नाही अशा जातींतील गरीब, हा त्या शब्दाचा खरा अर्थ. तो तसा लिहिला असता तर त्यावर प्रामाणिक वाद तरी झाला असता.

आमच्या नागापूरच्या परिसरात औद्योगिक वसाहत आहे. तेथे बिहार, उत्तर प्रदेशाकडून आलेल्या मजुरांना 'परप्रांतीय' म्हणतात. भाषणांतून हा शब्द सभ्य म्हणून वापरतात आणि चहाच्या टपरीवर दुसरा. कायम कामगाराच्या जागी घेतलेल्या मुलाला कारखान्यांच्या कागदांत 'प्रशिक्षणार्थी' म्हटले जाते आणि त्याचे प्रशिक्षण वर्षानुवर्षे संपत नाही. वेतन टाळावयाचे असले की कामगाराचे नाव बदलावे आणि हक्क टाळावयाचा असला की जातीचे नाव बदलावे, ह्या दोन युक्त्यांतील नाते कामगार संघटनेत काम करणाऱ्यांना अधिक सांगावयास नको.

मग वस्तीचे नाव बदलावे की नाही? अवश्य बदलावे, पण वस्तीने बदलावे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला, तेव्हा मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली; एसेम जोशींसारख्या नेत्याने नामांतराची बाजू घेतली म्हणून अवहेलना सोसली; आणि नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्या सोळा वर्षांत नावासाठी उभे राहण्याचा अर्थ काय असतो ते आपण शिकलो. २०२० च्या निर्णयासाठी मात्र कोणाचे घर जळले नाही, कोणी रागावलेही नाही. ज्या बदलाला गावातील बागाईतदार, सहकारी संस्थेचा संचालक आणि पोलीस पाटील ह्यांपैकी कोणाचाही विरोध होत नाही, त्या बदलाने त्यांच्यापासून काय काढून घेतले, हे पाहणे आपले काम आहे.

म्हणून ग्रामसभेत वा प्रभागात नामांतराचा ठराव येईल तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी मागाव्यात असे मी सुचवितो. पहिली, नाव कोणते घ्यावयाचे हे त्या वस्तीतील स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या सभेत ठरावे. त्यांना बौद्धवाडा हेच नाव हवे असेल तर तेच राहावे, मग शासनाची यादी काही म्हणो. दुसरी, ठरावाबरोबर वस्तीचा नकाशा जोडावा. बहुतेक गावांत ही वस्ती ओढ्याच्या उताराला, गावाचे सांडपाणी जेथे जाते तेथे आहे. नळ शेवटच्या टोकाला येतो आणि स्मशानाची जागा वेगळी आहे वा नाहीच. डॉ. बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम सत्तरीच्या दशकात काढली, तेव्हा गावोगाव फिरून हेच विचारले होते की पाणी कोण कोठून भरते. तो प्रश्न भीमनगरातही तसाच विचारावा. तिसरी, वतनाच्या जमिनींचे काय झाले ते तलाठ्याच्या दप्तरातून काढावे. कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने गेली, जमिनी मूळ वतनदारांना परत द्यावयाच्या होत्या आणि परवानगीवाचून त्या विकता येणार नव्हत्या. आज त्यांच्यावर कोणाची नावे आहेत, हे सात-बारा सांगतो. नगर-मनमाड रस्त्यासारख्या रस्त्यांच्या कडेला भाव गगनाला भिडले असता तर हे दप्तर लवकर पाहिलेले बरे.

आणखी एक काम तातडीचे आहे. केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जनगणनेत सर्व जातींची नोंद करण्याचे ठरविले. १९३१ नंतर अशी संपूर्ण गणना प्रसिद्ध झालेली नाही. २०११ मध्ये गोळा केलेली जातींची आकडेवारी सरकारने बाहेरच येऊ दिली नाही. ह्या जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारात आला म्हणजे शिकलेली पुष्कळ मंडळी 'आम्ही जात मानत नाही' असे सांगून मोकळी होतील, आणि वस्तीत जातीचा रकाना लाजेने वा भीतीने चुकीचा भरला जाईल. चर्मकार की चांभार, मातंग की मांग, बौद्ध की महार, धर्म आणि जात ह्यांपैकी कोणत्या रकान्यात काय, ह्याबद्दल आतापासूनच गोंधळ आहे आणि एकाच समाजाची पाच नावांनी नोंद झाली तर पाच लहान आकडे हाती येतील. तालुक्याच्या शाखांनी प्रत्येक वस्तीत एक संध्याकाळ ह्यासाठी द्यावी. बरोबर अनुसूचीची प्रत न्यावी, आणि ज्यांना 'ओपन' म्हणवून घेण्याची सवय आहे त्यांच्याही गल्लीत जाऊन, जात मानत नसाल तरी ती लिहा, कारण तुमच्या नावावर किती एकर आहेत तेही एकदा मोजावयाचे आहे, असे सांगावे.